वेबसाइटवरची अर्धी आरती

आमच्या दुकानाची वेबसाइट उघडली की आधी आरती सुरू व्हायची. टाळ, झांजा, मृदंग, गल्लीतलं अख्खं भजनी मंडळ आणि सगळ्यांच्या वर माझ्या बाबांचा खडा आवाज. ज्यांना डोळे आहेत त्यांचं काही अडत नसेल. ते आरती ऐकत ऐकत साड्या बघत असतील. मला दिसत नाही. मी कॉम्प्युटर कानाने वाचते. पडद्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला मी वाचक म्हणते. तर हा वाचक "मुख्य पान, कोसा साड्या, संपर्क" असं काहीतरी सांगायला लागायचा आणि वरून झांजांचा दणका बसायचा. वरातीत उभं राहून कोणी कानात निरोप सांगावा, तशी गत. आरती बंद करायचं बटन कुठेतरी होतं म्हणे. पण ते कुठे आहे हे सांगणार कोण? वाचकच. आणि वाचकाचं ऐकू येणार कधी? आरती बंद झाल्यावर.

मी किती चिडले होते ते आज लिहितानाही आठवतं. कारण ती कुणा परक्याची वेबसाइट नव्हती. ते आमचं दुकान होतं, आणि त्या दुकानातलं माझं काम त्या वेबसाइटने माझ्या हातातून काढून घेतलं होतं.

आम्ही भंडाऱ्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग, आणि पुढे बाजारात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान. माझी नजर लहानपणी रात्रीपुरती अधू होती, दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. मग दिवसाही कडेकडेचं दिसेनासं झालं आणि पंचविशीच्या आत सगळंच विझलं. रंग मात्र डोक्यात पक्के राहिले.

मला काम मिळालं ते जिल्हा फुटला म्हणून. जिल्हा एक होता तेव्हा गोंदिया, तिरोडा, आमगावकडची माणसं कोर्टकचेरीसाठी भंडाऱ्याला यायची आणि जाताना घरच्या लग्नासाठी कोशाची साडी घेऊन जायची. गोंदिया वेगळा झाला, त्यांच्या कचेऱ्या तिकडे गेल्या आणि आमचं गिऱ्हाईकही तिकडेच राहिलं. बाबांनी बरेच दिवस सरकारला शिव्या घातल्या. मग जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायचा, साडी कशी आहे ते सांगायचं आणि पसंत पडली की एसटीने पार्सल पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबांना फोनवर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता.

साडी मांडीवर घेऊन मी फोन लावायची. सूत, वीण, काठाची दातेरी करवत, पदर, सगळं बोटांना कळतं. रंग तेवढा बाबांना विचारावा लागे. ते म्हणायचे, "हिरवी आहे." मी विचारायची, "हिरवी म्हणजे कोणती बाबा? तुरीच्या शेंगेची का धानाचं रोवणं झालेल्या बांधीची?" बाबा वैतागून साडी दारातल्या उजेडात न्यायचे, निरखायचे, आणि सांगायचे, "रोवण्याची. पण आठ दिवसानंतरची." तेच मी फोनवर सांगायची. आसगावची एक शेतकरीण मला नेहमी म्हणायची, "बाई, तुमी सांगता त मले दिसून जाते." माझ्या शब्दावर लोकांनी लेकींच्या लग्नाच्या साड्या घेतल्या आणि एकही साडी रंग फसला म्हणून परत आली नाही. पुढे नागपूरला राहून मी बोलता कॉम्प्युटर शिकले, तेव्हा हिशेब आणि पार्सलांच्या पावत्याही माझ्याकडे आल्या. गादीवर बाबांच्या उजव्या हाताला माझी जागा होती. दुकानात शिरणारा माणूस बाबांना रामराम करायचा आणि मग मला.

मग भाऊ मोठा झाला, दुकान बघायला लागला आणि त्याने ठरवलं की वेबसाइट पाहिजे. माझा काही विरोध नव्हता. उलट मी खूश होते, की आता फोनबरोबर हेही आपण करू. नागपूरहून वेबसाइट बनवणारा आला, साड्यांचे फोटो काढून घेऊन गेला आणि महिन्याभरात साइट तयार झाली. भावाने पेढे वाटले. मी कॉम्प्युटरसमोर बसले. आरती दणाणली. ती थांबवायला भावाला हाक मारली. ती थांबली, आणि वाचक वाचायला लागला: "चित्र. चित्र. चित्र. बटन. चित्र. बटन. बटन."

मी म्हटलं, "हे काय आहे?"

भाऊ म्हणाला, "साड्या आहेत ना ताई. मस्त दिसून राहिल्या."

आमच्याकडे छापायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो. वाढदिवस असो, नेत्याचं आगमन असो की दुकानाचं उद्‌घाटन, एकाच मोठ्या चित्रात सगळं कोंबायचं. वेबसाइटवाल्यानेही तेच केलं होतं. साडीचं नाव, भाव, सूट, पत्ता, फोन नंबर, सगळं चित्रात रंगवलेलं. बघणाऱ्याला ती अक्षरं वाटतात, पण वाचकाच्या लेखी ते नुसतं चित्र असतं, त्यात त्याला काही वाचता येत नाही. चित्रामागे दोन ओळी लिहून ठेवायची सोय असते. अशी अशी साडी, असा रंग, असा काठ. तेवढं लिहिलं की वाचक ते वाचतो. बटनालाही तसंच नाव देता येतं. मोठं शास्त्र नाही यात काही. पण साइट बनवणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं, आणि मालकाला ते लागतं हे माहीत नव्हतं.

भावाने त्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मॅडम, राग नका मानू, पण ज्यायले दिसत नाही ते ऑनलाइन साडी कायले घेतीन?"

मी म्हटलं, "काहून? ज्यायले दिसत नाही ते काय उघडे फिरतात?"

भावाने फोन काढून घेतला. पलीकडून हसणं आणि "करतो, करतो" एवढं ऐकू आलं.

केलं ना त्याने! पंधरवड्याने त्याचा निरोप आला की तुमच्या ताईंसाठी खास सोय टाकली आहे. मी बसले. आरती. भाऊ धावत आला, आरती थांबवली. वाचक म्हणाला, "चित्र." मी म्हटलं, "हे कशाचं आहे?" भाऊ म्हणाला, "चाकाच्या खुर्चीचं आहे ताई. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात." मला रडू येईल की हसू ते कळेना. मी आंधळी, चालते दोन्ही पायांनी, आणि माझी सोय म्हणजे चाकाच्या खुर्चीचं चित्र. त्याने अक्षरं मोठी होणार, जी मला दिसत नाहीत. वर कडी म्हणजे, त्या चित्रालाही नाव दिलेलं नव्हतं. लोक म्हणतात, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मी डोळा मागतच नव्हते. मी बटनाचं नाव मागत होते.

दुकानाच्या बाजूने आत जायचं तर आणखी कहर. आलेल्या ऑर्डरी बघायला लॉगिन करावं लागे, आणि तिथे लिहिलेलं असे की चित्रात दिसणारी अक्षरं भरा आणि आपण माणूस आहात हे सिद्ध करा. ते मला सिद्ध करता आलं नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मी आहे ना ताई, मी सांगतो तुले." मी म्हटलं, "तू जेवाले गेला की दुकान बंद ठेवाचं का?" वाईट नाही तो. माझ्या ताटात दोन घास जास्तच वाढेल. पण आपल्याला सहज जमतं ते दुसऱ्याचं कशाला अडतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आणि एक दिवस नाकाडोंगरीच्या मास्तरीणबाईंचा फोन आला. किती वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "बाई, साइटवर वरून तिसरी हिरवी आहे, तिचा पदर कसा आहे?" मला काय कळणार वरून तिसरी कोणती? मी म्हटलं, पाहून सांगते. भाऊ बाहेर गेला होता. बाबांना कॉम्प्युटर येत नाही. मी आरतीत धडपडत राहिले, चित्र, चित्र, बटन. शेवटी मास्तरीणबाईच म्हणाल्या, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "राहू द्या बाई, तुमाले कायले त्रास? भाऊ आले की फोन त्यायलेच द्या."

तो शब्द मला लागला. अजून लागतो.

हळूहळू सगळेच तसं करायला लागले. आधी साइट बघायची, मग फोन करून भावाला विचारायचं. माझ्याजवळचा फोन उचलायला भाऊ हात लांब करायचा, मग त्याने तो आपल्याकडेच ठेवला. "ताई, तू लय वर्षं केलं, आता आराम कर." घरी कोणालाही काही वाटलं नाही. आईने तर मला रिकामं बसवत नाही म्हणून लसणाची परडी दिली. आंधळ्या बाईला काय काम द्यायचं हे लोकांना सुचेनासं झालं की ते लसूण सोलायला देतात. मी गादीवर, बाबांच्या उजव्या हाताला, लसूण सोलत बसायची, आणि दुकानात शिरणारा माणूस बाबांना रामराम करून सरळ भावाकडे वळायचा.

मी ठरवलं, एकेक मागत जायचं. सगळ्यात आधी आरती. ती गेली तर निदान मला ऐकू तरी येईल. भाऊ लगेच तयार झाला, त्यालाही तो गोंगाट नकोच होता. पण म्हणाला, "बाबांले तूच सांग."

बाबांना सांगायचं म्हणजे आलंच संकट. आमचं दुकान आरतीशिवाय कधी उघडलं नाही. शटर वर, पायरीवर पाण्याचा सडा, उदबत्ती, मग आरतीची टेप. ती संपेपर्यंत गिऱ्हाईक पायरीवर उभं राहतं, कारध्याहून पूल ओलांडून पहिल्यांदाच आलेलं नवखं गिऱ्हाईकसुद्धा, कारण बाबा त्याच्याकडे बघतच नाहीत. आरती सुरू झाली की उठून हात जोडायचे आणि संपल्याशिवाय बसायचं नाही. टेपवर आवाज त्यांचा स्वतःचा, तरुणपणचा. वेबसाइट म्हणजे दुकान, हे भावानेच त्यांना समजावलं होतं. मग दुकान म्हटलं की आरती आलीच. वेबसाइटवाल्याला ती त्यांनीच लावायला लावली होती.

मी म्हटलं, "बाबा, आरतीत मले काही ऐकू नाही येत."

ते म्हणाले, "आरती सरू दे ना मंग. दोन मिंटं देवाले द्याले काय जाते?"

"ती सरतच नाही बाबा."

"काहून नाही सरत? दुकानातली त सरते."

त्यावर मी पुष्कळ बोलले. काम कसं अडतं, गिऱ्हाईक कसं तुटतं, मला कसं बसून राहावं लागतं. ते ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "बाई, देवाच्या पुढं आपलं काय." संपलं. तीन महिने मी हे वारंवार मागितलं आणि वारंवार हेच ऐकलं. एकदा मी रागाने परडी उलटी केली. लसूण गोळाही मलाच करावा लागला.

मग तो दिवस आला. भाऊ मागांवरून माल आणायला गेला होता. दुपारी दुकान सुनं होतं, बाबा गादीवर टेकले होते. एरवी दुकानात मी हेडफोन लावायची, त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लावला नव्हता. मी पुन्हा एकदा साइट उघडून बघत होते, सवयीने, दुखरा दात जिभेने चाचपावा तशी. आरती सुरू झाली. बाबांच्या हातात वाजायला बांगड्याबिंगड्या नाहीत, पण उठताना त्यांचा गुडघा वाजतो. तो वाजला. ते उठून उभे राहिले होते, हात जोडून.

मी टॅब दाबत चाचपडले, एंटर दाबला. दुसरं पान उघडलं. आरती मध्येच तुटली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

बाबा थबकले. "काय झालं?"

"काही नाही. साड्यांचं पान उघडलं."

पुन्हा एंटर. एका साडीचं पान. आरती पहिल्या ओळीत कापली गेली. क्षणभर शांतता, बाबा खाली बसले. गुडघा वाजला. आणि आरती पुन्हा पहिल्यापासून. ते पुन्हा उठले. गुडघा पुन्हा वाजला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन महिने मी त्यांना माझं रडगाणं ऐकवत होते, पण त्यांनी स्वतः वेबसाइट एकदाही ऐकली नव्हती. आता मी मुद्दाम एंटर दाबत गेले. पान, आरती, उठा. पान, तुटली, बसा. पान, आरती, उठा. वडिलांना असं उठबस करायला लावणं पाप असेल तर असो. मी इतकी चिडले होते की थांबले नाही.

बाबा ओरडले, "अवं, पुरी काहून नाही होऊन राहिली?"

"होतच नाही बाबा. गिऱ्हाईक पान पलटवते, आरती तुटते. नव्या पानावर पुन्हा पहिल्यापासून. साडी घेतेपर्यंत कोणाचीच आरती पुरी होत नाही."

"कोणाचीच?"

"कोणाचीच. आजवर ज्यानं ज्यानं आपली साइट उघडली, तेच्या घरी तुमची अर्धी आरती वाजली."

आमच्या घरात आरती अर्धी सोडत नाहीत. भूकंप झाला तरी शेवटची ओळ म्हणून मग पळतील. बाबांनी फोन मागितला, भावाला लावला आणि दुकानातलं काचेचं कपाट थरथरेल अशा आवाजात म्हणाले, "त्या नागपूरवाल्याले सांग, आत्ताच्या आत्ता आरती काढ. आत्ताच्या आत्ता! देवाची काय थट्टा मांडली का?"

दहा मिनिटांत आरती गेली. दहा मिनिटांत! मी तीन महिने सांगत होते की मला ऐकू येत नाही, माझं काम गेलं, मी इथे मेल्यासारखी बसते. त्याने पान हललं नाही. देवाची आरती तुटते म्हटल्यावर दहा मिनिटं लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी परडी ओढून लसूण सोलायला घेतला आणि सोलता सोलता रडले. बाबांना वाटलं लसणाने.

आरती गेली आणि बाकीचा सगळा सावळागोंधळ लख्ख ऐकू यायला लागला. चित्र, चित्र, बटन, बटन. पण आता मी गप्प बसणार नव्हते. मी भावाला शेजारी बसवलं. तो एकेक फोटो उघडून कोणती साडी आहे ते सांगायचा, ती साडी मी मांडीवर घ्यायची, बाबा रंग सांगायचे आणि मी बोलायची, भाऊ चित्रामागे लिहायचा. "मोहफुलाचा पिवळसर पांढरा, काठाला मरून करवत, पदर भरलेला, सूत जाडसर पण अंगावर मऊ पडते." भाऊ पहिले दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, हे त दिसणाऱ्यायलेही लागते." मी म्हटलं, "उपकार झाले." बटनांना नावं द्यायला आणि लॉगिनला अक्षरांऐवजी फोनवर आकडा पाठवायला वेबसाइटवाल्याने इतके दिवस लावले, की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण केलं.

सगळं झाल्यावर मी साइट लावली आणि वाचकाला वाचायला सोडलं. तो वाचत गेला, सपाट, कंटाळवाणा, जोडाक्षरांवर ठेचकाळत. बाबा गादीवरून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अवं, हे त तुयंच बोलणं आहे. फोनवर तू असंच सांगत होती."

"हो."

"अन् आधी हे फोटो मुकेच होते?"

"मुकेच होते बाबा."

मी पुढची साडी ऐकत राहिले.

दिवाळी आली. फोन परत माझ्याकडे आला होता, मास्तरीणबाईंना मी "वरून तिसरी" नेमकी सांगू शकत होते, आणि परडी घरी गेली होती. एका सकाळी दुकानातली आरती पुरी झाली, गिऱ्हाईक आत आलं, मी साइट उघडली आणि वाचक सगळ्यात आधी म्हणाला, "चित्र."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाने दिवाळीच्या सवलतीचा भलामोठा फ्लेक्स साइटच्या कपाळावर चिकटवला होता. कोणत्या साडीवर किती सूट, कधीपर्यंत, सगळं चित्रात. मागे एक अक्षर नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी तोंड उघडणार तोच बाबांचा आवाज आला.

"हे बोलत नाही का रे?"

भाऊ म्हणाला, "बाबा, दिवाळीपुरतंच आहे. चार दिवसानं काढूनच टाकाचं आहे. आत्ता गर्दी आहे ना दुकानात."

"चार दिवस ती काय करन?"

"मी सांगतो ना तिले."

"तुले नाही इचारत कोणी. तिले इचारतेत." बाबांचा आवाज चढला. गिऱ्हाईक होतं समोर, त्याचंही त्यांना भान नव्हतं. "काढ ते. बोलतं कर, मंग लाव. अन् तवरक वेळ जात नसन त घरून लसणाची परडी आण अन् सोलत बस."

गिऱ्हाईक हसलं. मी हसले नाही. मी हात कीबोर्डवर तसाच ठेवून बसले होते. त्या चित्रात देव नव्हता, आरती नव्हती, काही तुटत नव्हतं. अडत होते ती फक्त मी.

भावाने चित्र काढलं आणि सवलतीचा मजकूर लिहायला घेतला. एकदा त्याने विचारलं, "ताई, मोहफुली साडीवर सूट ठेवली त काय लिहू?" मी सांगितलं. परडी कोणीच आणली नाही, दिवाळीच्या घाईत घरीही कोणी लसूण सोलला नाही, आणि त्या दिवशी आमच्या घरच्या भाजीत लसूण नव्हता.